कपाळावरची पट्टी

युसूफ वडगावच्या अलीकडच्या वळणावर मोटारसायकल आणि उसाचा ट्रॅक्टर यांची धडक झाली होती. आमची रुग्णवाहिका पोचली तेव्हा पन्नासेक माणसं गोळा झालेली. चाचांनी गाडी कडेला घेतली, मागचं दार उघडलं, ताई बॅग घेऊन खाली उतरली आणि दोन दणकट माणसांनी तिचे दोन्ही दंड धरले.

"सावकाश, सावकाश. डोक्याला लागलंय बाईच्या."

"आरं, सोडा की मला," ताई म्हणाली.

"बोलू नगा, अक्का. आडव्या व्हा."

आणि त्यांनी तिला आमच्याच स्ट्रेचरवर आडवं केलं. मी दुसऱ्या बाजूनं ऑक्सिजन घेऊन येते तर काय, आमची नर्स स्ट्रेचरवर, एक म्हातारी तिचा खांदा दाबून "झोप माय, झोप, चक्कर यील," म्हणतेय आणि कोणीतरी तिच्या तोंडावर पाणी शिंपडतंय. खरा जखमी ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून बसलेला होता. पन्नाशीचा माणूस, मांडीचं हाड मोडलेलं. तो हे सगळं बघत होता. शेवटी न राहवून ओरडला, "ओ, मला घ्या की! पडलोय मी, त्या न्हाई!"

फार तर एक मिनिट गेलं असेल. तो माणूस वाचला, आता काठी घेऊन चालतो. पण मोडलेल्या मांडीचं एक मिनिट केवढं असतं ते ज्याची मांडी मोडली नाही त्यानं सांगू नये.

लोकांची चूक नव्हती. ताईच्या कपाळावर चार बोटं रुंद पांढरी पट्टी होती, हनुवटीवर दुसरी, आणि डावा हात मनगटापासून कोपरापर्यंत बँडेजमध्ये. अशी बाई अपघाताच्या जागी दिसली तर कोणीही तिलाच उचलणार. परतीच्या वाटेवर चाचा हसून हसून स्टिअरिंगवर डोकं टेकवायचेच बाकी होते. ताईही हसली. मी नाही हसले. मला राग आला की तो चार-चार दिवस टिकतो, आणि हा राग तर त्याच्या आधीच पंधरा दिवस चालू होता.

आमच्या गाडीवर तिघं. चाचा चालवतात. ताई नर्स, रुग्ण तिच्या ताब्यात. मी सहायक, म्हणजे ताईच्या हाताखाली. चाचांची साठी जवळ आलीय, ताई चव्वेचाळीस, मी पंचवीस. ताई बारा वर्षं गाडीवर आहे. तिनं चालत्या गाडीत किती बाळंतपणं केली ते ती मोजत नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "मोजायला ती काय मेथीच्या जुड्या हायत व्हय?"

आणि ताई गोंदलेली आहे. दोन भुवयांच्या मध्ये एक उभी रेघ, रेघेच्या दोन्ही अंगाला ठिपके. हनुवटीवर तीन ठिपके. डाव्या हातावर वर तुळशीवृंदावन, खाली मनगटाशी विंचू. नऊ वर्षांची असताना गावच्या जत्रेत गोंदणारणीसमोर बसली होती. सुई टोचताना ती रडली नाही. रडली ते नंतर, कारण शेजारच्या मैत्रिणीचा विंचू हिच्या विंचवापेक्षा मोठा काढला होता. हे ती अजून रागानं सांगते.

आमच्या सेवेचा ठेका नव्या माणसांकडे गेला आणि पहिल्याच महिन्यात परिपत्रक आलं. मथळा होता 'व्यावसायिक वर्तन'. चेहऱ्यावर, मानेवर, हातावर दिसणारे टॅटू नसावेत. असल्यास काढून घ्यावेत किंवा ड्युटीत पूर्ण झाकावेत. कानातली एक जोडी सोडून अंगावर कुठंही टोचलेला दागिना नसावा. महिनाअखेरीच्या बैठकीत तपासणी होईल, आणि ज्यांना जमणार नाही त्यांची बदली सामानाच्या खोलीत. सर्वांत खाली, बारीक अक्षरात: मनगटावरील धार्मिक धागे व अंगठ्या यांना हा नियम लागू नाही.

ते बारीक अक्षर वाचून माझं डोकंच फिरलं.

सामानाची खोली म्हणजे जिल्ह्याच्या कार्यालयामागची एक खोली. तिथं सलाईनच्या बाटल्यांचे खोके असतात आणि एक टेबल. बारा वर्षं गाडीवर काढलेल्या बाईनं तिथं बसून खोके लावायचे, कारण ती नऊ वर्षांची असताना तिच्या आईनं तिला जत्रेत नेलं! मी ताईला म्हणाले, आपण हे होऊ द्यायचं नाही. दुसऱ्या दिवशी ताई पट्ट्या लावूनच कामावर आली.

"ताई, हे काय?"

"झाका म्हणलेत ना? झाकलं. खोलीत बसून मी मरणार न्हाई गं, पण वाळून जाईन."

आता माझ्याबद्दल. कॉलेजात मी संघटनेत होते आणि तिथं मी एकच विद्या नीट शिकले: पत्रक लिहायची. वर मागणी, मध्ये निषेध, खाली 'आपले नम्र'. नम्र कोणीच नसायचं. एस.टी.चा पास असो, वसतिगृहातलं पाणी असो, माझं पत्रक दोन तासांत तयार. त्यामुळे ताईच्या पट्ट्या बघितल्यावर माझा हात आपोआप कागदाकडे गेला.

ते पत्रक माझ्याकडे अजून आहे. वाचवत नाही. 'आमच्या आयाबायांच्या कपाळावर घाला!!!' इथून सुरुवात. पुढं संस्कृती, पुढं इतिहास, पुढं गुलामगिरी. एका परिच्छेदात मी ताईच्या कपाळावरची रेघ म्हणजे कष्टकरी स्त्रीच्या हजार वर्षांच्या लढ्याची खूण असल्याचं लिहिलं होतं. माझ्या स्वतःच्या कानाबद्दलही एक ओळ होती. उजव्या कानाच्या वरच्या कडेला मी एक बाळी घालायचे, बीडच्या बाजारात मैत्रिणीबरोबर जाऊन टोचून घेतलेली. त्यावरून घरी दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नव्हतं, म्हणून ती मला फारच प्रिय. 'आमचं शरीर, आमचा हक्क!' असं मी लिहिलं आणि दोनशे प्रती काढून जिल्ह्यातल्या सगळ्या गाड्यांवर पोचवल्या.

ताईनं चहाच्या टपरीवर उभ्यानं पत्रक वाचलं. घडी घातली. माझ्या हातात परत दिलं.

"हे हजार वर्षांचं कुणी सांगितलं तुला?"

"ताई, तो एक मुद्दा आहे."

"माझ्या कपाळाची सभा करू नगंस. मला तुझा लढा न्हाई पायजे, मला गाडी पायजे."

चाचा शेजारी चहा ओतून घेत होते. ते म्हणाले, "बेटा, पत्रक लई भारी हाय. पण त्यात आमची ताई कुठं हाय?"

साहेबांनी मला बोलावून घेतलं. साहेब म्हणजे आमच्या जिल्ह्याचे व्यवस्थापक. वाईट माणूस नाही. फक्त सात वर्षांत त्यांनी चालत्या गाडीत पाय ठेवलेला नव्हता. टेबलावर माझं पत्रक, त्यावर त्यांचा हात. त्या हाताच्या मनगटावर लाल धाग्याचे इतके फेरे की खालची कातडी दिसत नव्हती, आणि तीन बोटांत तीन खड्यांच्या अंगठ्या.

"मॅडम, भाषण छान लिहिता. पण मला एक सांगा. जंतुसंसर्गाचं काय? रुग्णाचा विश्वास बसला पाहिजे, त्याचं काय? तुमच्या पत्रकात त्यावर एक ओळ तरी आहे का?"

मी म्हणाले, "तुमच्या धाग्याला संसर्ग होत नाही का, साहेब?"

"तो श्रद्धेचा विषय आहे."

"ताईच्या हातावर तुळशीवृंदावन आहे. तो कशाचा विषय आहे?"

मला वाटलं, जिंकलं. मी धावत गाडीवर आले आणि ताईला सांगितलं, मुद्दा सापडला, गोंदण धार्मिक आहे म्हणून सूट मागायची. ताई स्ट्रेचर पुसत होती. पुसायची थांबली नाही.

"आन् विंचू? विंचू कुठला देव?"

"विंचवाचं बघू."

"देवाच्या नावानं मला काय बी नगं. म्हंजी ज्याच्या गोंदणात देव हाय त्यानं गाडीवर बसायचं, आन् ज्याच्यात न्हाई त्यानं खोलीत? उद्या चाचाला काय सांगशील तू?"

साहेबांच्या प्रश्नालाही मी बगलच दिली होती, हे मला तेव्हा कळलं. संसर्गाचं काय? मी शिव्या सोडून त्यावर काही म्हणालेच नव्हते.

उत्तर मिळालं पाटोद्याच्या बाजारात, आणि ते माझ्या कानातून मिळालं.

बाजाराचा दिवस होता. वांगी-टोमॅटोच्या पालांमध्ये एक भाजीवाला झटके येऊन पडला होता. गर्दी बाजूला करून आम्ही त्याच्याजवळ बसलो. अशा माणसाला दाबून धरायचं नसतं, डोक्याखाली काहीतरी मऊ द्यायचं आणि झटके ओसरले की कुशीवर वळवायचं. मी वळवायला वाकले. त्याचा हात उडाला, बोट माझ्या बाळीत अडकलं आणि बाळी कानाची कड घेऊन बाहेर आली.

दुखण्याचं मी सांगत नाही. सांगायचं ते वेगळंच. माझं रक्त त्या भाजीवाल्याच्या गालावर, ओठांच्या कडेला, शर्टावर पडत होतं. रुग्णाचं रक्त आमच्या अंगावर पडतं, ते रोजचं. आमचं रक्त रुग्णाच्या तोंडाशी, हे उलटंच झालं. ताईनं एका हातानं मला मागं ढकललं, दुसऱ्या हातानं त्याचं तोंड पुसलं आणि त्याला एकटीनं कुशीवर घेतलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी कान दाबून टोमॅटोच्या क्रेटवर बसले. ज्या बाईला आम्ही न्यायला आलो नव्हतो अशी ताई पहिली, मी दुसरी.

भाजीवाल्याला दवाखान्यात पोचवलं, तिथल्या डॉक्टरांना काय झालं ते सगळं सांगितलं, माझ्या कानाला दोन टाके पडले. मग गाडीच्या पायरीवर बसून ताई मला म्हणाली, "कावून घातलतीस?"

"माझा हक्क आहे."

"हक्क हाय. घरी घाल. जत्रंत घाल, लग्नात घाल, दोन्ही कान भरून घाल. गाडीत ते माणसाच्या हाताला लागतं." मग तिनं डाव्या हाताचं बँडेज सोडलं आणि तो हात माझ्यासमोर धरला. "ह्याला वढ."

"काय?"

"वढ गं विंचवाला. निघतोय का बघ."

मी तिच्या मनगटाची कातडी चिमटीत धरली. ओढली. विंचू विंचवाच्या जागी.

"न्हाई निघत. आन् हात धुतला की त्यो बी धुतला जातो. हात म्हंजी त्यो, त्यो म्हंजी हात. तुझी बाळी तशी हाय का? साह्यबाचा धागा तसा हाय का? एवढंच लिही की बाई. हजार वर्षं कशाला पायजेत?"

त्या दिवशी मी दोन गोष्टी गिळल्या. एक, परिपत्रक अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं परिपत्रक पूर्ण खोट्यापेक्षा लढायला अवघड. दुसरी, माझ्या दोनशे प्रतींमध्ये मी त्या खऱ्या अर्ध्याच्या विरुद्ध ओरडले होते. फाटलेला कान ओढणीखाली लपवावा असं मला फार वाटलं. साहेबांना कळलं तर त्यांच्या हातात कोलीतच की! पण घडलेलं लिहून द्यावं लागतं, आणि ते ताईनं मलाच लिहायला लावलं. मी लिहिलं: सहायकाच्या कानातील बाळीमुळे. सहायक म्हणजे मी.

बैठकीला आठ दिवस उरले होते. लिहून साहेब ऐकणार नाहीत, हे दिसतच होतं. दाखवावं लागणार होतं. मला आठवलं, प्रशिक्षणात एका बाईंनी आमच्या हाताला कसलीशी पावडर लावून हात धुवायला सांगितले होते आणि मग जांभळ्या उजेडाच्या दिव्याखाली धरले होते. जिथं नीट धुतलं नव्हतं तिथं पावडर चमकायची. पण ती पावडर आणणार कुठून आणि तो दिवा?

"जांभळा दिवा?" चाचा म्हणाले. "आमच्या साल्याच्या फळाच्या दुकानात हाय की. नकली नोट पकडायचा. सफरचंदाच्या पेटीमागं ठेवतो."

पावडरचं ताईनं सोडवलं. कपडे पांढरेशुभ्र करायचा साबणचुरा त्या दिव्याखाली चमकतो, हे तिला दुकानातच दिसलं, तिच्या ओढणीच्या काठावर. तो चुरा बारीक वाटून आम्ही ओठांना लावायच्या पेट्रोलियम जेलीत कालवला. उभ्या गाडीत पडदे ओढून पहिला प्रयोग केला. दिवा लावल्याबरोबर चाचांचा पांढरा गणवेश कॉलरपासून खालपर्यंत लखलखला.

"चाचा, तुमी तर ट्यूबलाइट झालात," ताई म्हणाली.

"मग? चालीस साल गाडी चालवतोय. चमकणारच."

गणवेश आधीपासूनच चमकतो, म्हणजे साहेब नेमकं तेच धरून बसतील. म्हणून ठरवलं, क्रीम लावायच्या आधी प्रत्येकाचे हात एकदा दिव्याखाली सगळ्यांसमोर बघायचे, बाह्या वर करून. मी आयुष्यात पहिल्यांदा घोषणा देण्याआधी तयारी करत होते.

बैठकीला तीसेक जण होते, सगळ्या गाड्यांचे. तपासणी सुरू झाली तेव्हा ताई पट्ट्यांसकट उभी राहिली. साहेबांनी कागदावर टिक केली आणि म्हणाले, "चेहऱ्यावर पट्टी लावून रोज फिरणं काही बरं दिसत नाही, सिस्टर. खोलीचं काम हलकं आहे, विचार करा." म्हणजे झाकलं तरी चालत नव्हतं, उघडं तर चालणारच नव्हतं! माझ्या तोंडात अख्खं पत्रक आलं. ताईनं माझ्या पायावर पाय दिला.

"साह्यब," ती म्हणाली, "वर्तनाचं कागदावर लई झालं. हात धुवून बघू का आपुन सगळे? दहा मिंटं."

साहेबांना नाही म्हणता येईना. हात धुवायला नाही कसं म्हणणार?

चौघं पुढं आलो: ताई, साहेब, चाचा, मी. ताईनं हातावरचं बँडेज सोडलं, पडदे ओढले. दिव्याखाली आधी चौघांचे हात. सगळे काळे. साहेबांचा धागाही काळा. "बघितलं ना, साहेब?" मी विचारलं. "बघितलं," ते म्हणाले. मग क्रीम, बोटांच्या फटीत, मनगटापर्यंत. ताईला मी विंचवावर दोनदा चोळलं. मग बेसिनवर चौघांनी आपापल्या रोजच्या सवयीनं हात धुतले, साबण लावून, घाई न करता.

परत अंधार. परत दिवा.

ताईचा हात पहिला. विंचू काळा, बोटं काळी, नखं काळी. खालून वर, वरून खाली, मी दिवा फिरवत राहिले. एक ठिपका चमकला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, "धुनं असावं तर असं."

मग साहेबांनी हात पुढं केला आणि मनगटाभोवती निळं-पांढरं कडं पेटलं. धाग्याच्या प्रत्येक फेऱ्यात, प्रत्येक गाठीत. अंगठ्यांच्या खाली तीन चकत्या.

"साहेब, लायटिंग लई भारी हाय!" मागच्या बाकावरून एक ड्रायव्हर ओरडला, आणि हॉलमध्ये जो हशा उठला तो मी विसरणार नाही.

"धाग्यालाच काहीतरी असेल आधीचं," साहेब म्हणाले.

"आधी बघितला होता, साहेब. तुम्हीच म्हणालात, बघितलं."

मग चाचांचा हात. त्यांच्या बोटात फिरोजाची चांदीची अंगठी, तिच्याभोवती निळी रेघ. चाचांचा चेहरा पडला. दिवा त्यांचा, दुकान त्यांच्या साल्याचं, आणि पकडले गेले तेच. शेवटी माझे हात. मला वाटलं माझे स्वच्छ. मनगट काळं, बोटं काळी, आणि दहाही नखांच्या कडांना दहा चंद्रकोरी. लांब नखं. ठेवली होती, आवडायची म्हणून. मी तशीच हात धरून उभी राहिले. लपवले असते तर दिवा कशाला आणला होता?

"काढतो," चाचा म्हणाले. "पण निघत न्हाई, बेटा. अकरा साल झाले. बोट जाड झालं."

ताईनं एक पडदा सरकवून उजेड केला आणि बॅगेतून दोरा काढला. सुजलेल्या बोटातली अंगठी कशी काढतात ते बघायला सगळे उठून पुढं आले. दोऱ्याचं एक टोक तिनं अंगठीखालून सरकवलं, उरलेला दोरा बोटाभोवती घट्ट, फेऱ्याला फेरा लावून पेरापर्यंत गुंडाळला, आणि मग खालचं टोक धरून उलटा सोडत गेली. एकेका फेऱ्याबरोबर अंगठी एकेक पाऊल पुढं. टप्. तिच्या तळहातावर. खाली चाचांचं बोट, अकरा वर्षं ऊन न लागलेलं, गोरंपान.

"अब्बांची हाय," चाचा म्हणाले, आणि अंगठी शर्टाच्या खिशात टाकली. "खिशात ऱ्हाईल. अब्बा खिशात बी ओळखतील."

टाळ्या पडल्या. दुसऱ्या गाडीवरची एक नर्स म्हणाली, "माझ्या बांगड्या काढल्या तर सासू घरात घेणार न्हाई." ताई म्हणाली, "सासूला एक दिवस गाडीत बसव. तीच काढून दील."

साहेब मात्र हसत नव्हते. त्यांनी उरलेले पडदे स्वतः उघडले. ताईसमोर आले.

"सिस्टर, पट्टी काढा."

ताईनं कपाळावरची काढली. मग हनुवटीवरची. पट्टीच्या चिकटपणानं खालची कातडी लाल होऊन फुटली होती, पुरळ उठलं होतं, एका कडेला पाणी सुटत होतं. रेघ आणि ठिपके मधे तसेच, हिरवे. संसर्ग टाळायला लावलेल्या पट्टीखाली जखम. अख्ख्या हॉलला दिसली. मला एक शब्द बोलायची गरज पडली नाही आणि मी बोलले नाही, हे माझ्या चळवळीच्या आयुष्यातलं सर्वांत मोठं काम.

"कधीपासून आहे हे?"

"झाले की वीस-एक दिवस."

"सांगितलं का नाही?"

"झाका म्हणला व्हता, साह्यब."

साहेब खुर्चीत बसून धाग्याचे फेरे हातानं कोपराच्या वर सरकवायला लागले. जमेना, फेरे घट्ट. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, काय पाहिजे ते लिहून द्या. एक पान. आणि ती उद्गारचिन्हं नकोत."

मी माझ्याच जुन्या पत्रकाच्या पाठीवर लिहिलं, तिथंच बसून. ड्युटीवर कोपराच्या खाली धागा, अंगठी, बांगडी, घड्याळ नको, कोणाचंही, कोणत्याही कारणानं. नखं कापलेली. ओढल्यावर फाटेल असा दागिना कुठंच नको. कातडीत मुरलेलं गोंदण आणि टॅटू झाकायची गरज नाही. नवीन काढलेलं असेल तर बरं होईपर्यंत गाडीवर येऊ नये. पाच ओळी. सगळ्या ताईच्या, अक्षर माझं. 'आपले नम्र' लिहिलं नाही.

आठ दिवसांनी परिपत्रक आलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर, साहेबांच्या सहीचं, मथळा तोच. साहेबांनी दोन-चार शब्द फिरवले होते, पण पाचही ओळी होत्या आणि ते बारीक अक्षर नव्हतं. खालच्या ओळीत ताईची नेमणूक: आमची गाडी, पूर्वीप्रमाणे. मी टपरीवर उभी राहून ते मोठ्यानं वाचून दाखवलं, दोनदा. चाचांनी टपरीवरच्या सगळ्यांना चहा सांगितला. मग मी ग्रुपवर तीन उद्गारचिन्हं टाकली. एवढा हक्क माझा होताच. पुढच्या बैठकीत साहेबांचं मनगट मोकळं होतं, धागा बाहीच्या आत दंडाला. ताईनं फक्त मान हलवली आणि त्यांनीही.

त्यानंतरचाच आठवडा. सकाळी कड्याहून फोन. कारखान्याजवळ ऊसतोडीवाल्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, उभ्या होत्या, तिथं एक बाई अडली होती. आम्ही पोचलो तर कोपीसमोर माणसं उभी. एकजण मला बघून म्हणाला, "नर्सबाई कुठंय?" मी बोलायच्या आधी एका म्हाताऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं. "आरं, ती काय, गोंदल्या कपाळाची. वाट सोड बे तिला." आणि वाट झाली. सरळ, कोपीच्या दारापर्यंत. कोणी तिचा दंड धरला नाही.

बाईला गाडीत घेतलं. दवाखान्यापर्यंत थांबणार नाही, हे ताईनं बघताक्षणीच सांगितलं. चाचांनी गाडी रस्त्याच्या कडेला सपाटीला लावली. ती बाई विशीची असेल, पहिलीच खेप, घाबरून पांढरी पडलेली. कळ आली की तिला धरायला काहीतरी हवं होतं. तिचा हात आधी माझ्या कानाशी आला, कारण मी वाकले होते. कानात काही नव्हतं. मग तिनं ताईचा डावा हात धरला, बरोब्बर मनगटावर, विंचवावर, आणि जीव खाऊन ओढला. मग एकदम भानावर येऊन सोडायला लागली.

"सोडू नगंस," ताई म्हणाली. "वढ. वढ माय, जोरात वढ. ते न्हाई निघत."

पोरगी झाली.